स्त्री-समीक्षादृष्टी (मराठी चित्रपट)

चित्रपटातील लिंगभाव, शरीर आणि इच्छा यांचे स्त्रीच्या बाजूने केलेले वाचन. १९७५ मध्ये लॉरा मल्व्ही यांनी पडद्यावरची नजर पुरुषाची असते, हे मांडले. मराठीत या नजरेचा इतिहास जरा वाकडा आहे. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ रंगले, तेव्हा स्त्रीभूमिका पुरुषच करीत. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) मधील तारामतीही अण्णा साळुंकेच होते. म्हणजे पडद्यावर स्त्री येण्याआधीच ‘स्त्री कशी दिसावी’ हे ठरून गेले होते.

या वाचनाला सर्वांत जास्त खाद्य पुरवणारा चित्रपट ‘उंबरठा’ (१९८२). शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवर जब्बार पटेलांनी तो केला. पटकथा विजय तेंडुलकरांची. सुलभा महाजन (स्मिता पाटील) घर सोडून महिलाश्रमाची अधीक्षक होते. इकडे नवरा दुसरीशी संबंध जोडतो आणि तो तिला सरळ सांगूनही टाकतो. त्याच्या इच्छेला घरात जागा मिळते, तिच्या कामाला नाही. मात्र आश्रमातल्या दोन स्त्रियांचे परस्परप्रेम समोर येते, तेव्हा पुरोगामी सुलभाही त्याकडे आजार म्हणून पाहते. चित्रपटाची सहानुभूती इथे आखडते, आणि हा प्रसंग आज वाचताना सर्वांत बोलका वाटतो.

हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारित ‘भूमिका’ (१९७७) हा हिंदी चित्रपटही याच वाटेवरचा.