आपली गोष्ट कोण सांगतं?

 

आमच्या वाचन गटात अलीकडं आम्ही चार कादंबऱ्या वाचल्या. त्या तुम्हीही वाचाव्यात म्हणून आज हे बोलणं. एक लिहिली गेली १८९० च्या सुमारास, एक १९५० साली, एक १९६० साली आणि एक २००५ साली. चारही बाईच्या जिण्याबद्दल आहेत. पण त्या अशा ओळीनं वाचल्या, की गोष्टींच्या पलीकडचं आणखी काही दिसायला लागतं. बाईची गोष्ट सांगायचा मान आधी कुणाकडं होता आणि तो हळूहळू कुणाच्या हाती आला, हा इतिहास दिसतो.

सुरुवात थोडी मागून करू. १८४८ साली पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. १८५६ साली विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्यानं मान्यता मिळाली. लगेच पुढच्या वर्षी, १८५७ मध्ये, बाबा पदमनजी यांचं ‘यमुनापर्यटन’ आलं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात. विषय कोणता? विधवांचे हाल. म्हणजे बघा, मराठी कादंबरीनं डोळे उघडले तेच बाईच्या दुःखाकडं बघत. पण ते दुःख मांडणारा पुरुष होता.

मग बाया स्वतः बोलत नव्हत्या का? बोलत होत्या. १८८२ साली आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे छोटं पुस्तक लिहून पुण्यात छापून घेतलं. सगळे दोष बाईच्याच पदरात का बांधता, असा त्यांचा रोकडा सवाल होता. त्यावर एवढी टीका झाली, की त्यांचं दुसरं पुस्तक कधी आलंच नाही. जोतिराव त्यांच्या बाजूनं उभे राहिले, तरीही. बोलणाऱ्या बाईचं तेव्हा काय व्हायचं, ते यावरून कळावं.

वाचणाऱ्या बाईचंही फार वेगळं नव्हतं. रमाबाई रानड्यांनी १९१० साली आपल्या आठवणी छापल्या. नवरा न्यायाधीश, बायकोनं शिकावं म्हणून त्यांचाच आग्रह. तरी घरातल्या बायका पुस्तकावरून किती टोमणे मारायच्या, ते त्यांनी लिहून ठेवलंय. काशीबाई कानिटकर तर सासरी लपूनछपून वाचायला शिकल्या आणि पुढं स्वतःच लेखिका झाल्या. १९२८ साली त्यांची ‘पालखीचा गोंडा’ ही कादंबरी आली. संस्थानाचा कारभार बाईच्या हाती आला तर काय काय बदलेल, याचं स्वप्न त्यात आहे. हे नाव ध्यानात असू द्या, शेवटी त्याचं काम पडणार आहे.

आता पहिली कादंबरी. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ नावाचं साप्ताहिक काढलं आणि त्यात ही कादंबरी तुकड्यातुकड्यानं छापली. आपण आज मालिकेच्या पुढच्या भागाची वाट बघतो ना, तशी लोक तेव्हा पुढच्या अंकाची वाट बघायचे. गोष्ट सांगते यमू. लहानपण, खेळ, भावावरची माया, लवकर झालेलं लग्न, सासर, मग मुंबईला नवऱ्यासोबतचे थोडे सुखाचे दिवस. नवरा रघुनाथराव समजूतदार, तिला लिहायला-वाचायला शिकवणारा. पुढं तिच्या वाट्याला काय येतं ते आम्ही सांगत नाही, तुम्ही वाचा. एवढंच सांगतो, की त्या काळी विधवेचं केशवपन करायचे, आणि ते कसं होतं हे ही कादंबरी तुम्हाला घराच्या आत नेऊन दाखवते.

ही गोष्ट लिहिताना आपटे पंचविशीच्या आसपासचे होते. एवढ्या तरण्या पुरुषानं बाईच्या तोंडून ‘मी’ म्हणत लिहिलं, आणि ते खरं वाटतं. त्याच काळात, १८९१ साली, सरकारनं संमतिवयाचा कायदा करून मुलीचं वय १० वरून १२ वर नेलं. तेवढ्या दोन वर्षांसाठी महाराष्ट्रात केवढं वादळ उठलं! त्याच सुमारास सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईत नाभिक मंडळींची सभा भरली. विधवेच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. कायदा एकीकडं, कष्टकऱ्यांचा नकार दुसरीकडं आणि यमूची गोष्ट तिसरीकडं. बदल असा तिन्ही बाजूंनी यायला लागतो.

एक गोष्ट मात्र आमच्या गटात बायकांनी बरोबर पकडली. केशवपन ही मुख्यतः ब्राह्मण आणि तशा वरच्या जातींच्या घरातली चाल. कष्टकरी जातींत पाट लावायची, म्होतूर लावायची रीत पूर्वीपासून होती. मग आमच्या आजी-पणजीचं दुःख कुठं लिहिलंय, असं एकीनं विचारलं. प्रश्न रास्त आहे. यमूची गोष्ट मोठी आहे, पण ती सगळ्या बायांची नाही. म्हणून एका कादंबरीवर थांबून चालत नाही.

दुसरी कादंबरी विभावरी शिरूरकर यांची ‘बळी’. हे टोपणनाव. मूळ नाव मालतीबाई बेडेकर. १९३३ साली त्यांचा ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनात काय चालतं, ते त्यांनी उघड लिहिलं. गदारोळ झाला, ही बाई कोण म्हणून शोध सुरू झाला. लिहिण्यासाठी बाईला स्वतःचं नाव लपवावं लागावं, असा तो काळ.

‘बळी’ आली १९५० साली. इंग्रज सरकारनं १८७१ मध्ये कायदा करून काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं होतं. त्यांना तारेच्या कुंपणात ठेवायचं, हजेरी घ्यायची, परवानगीशिवाय बाहेर पडू द्यायचं नाही. सोलापूरला अशी वसाहत होती. मालतीबाईंनी सरकारी नोकरीत या लोकांमध्ये काम केलं होतं, त्यामुळं कुंपणाच्या आतलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. स्वतःच्या घराबाहेर, दुसऱ्या जातीच्या, दुसऱ्या जगातल्या माणसांकडं एका लेखिकेनं इतकं जवळून बघणं हे नवीन होतं. तो कायदा १९५२ साली गेला. म्हणजे कादंबरी आली तेव्हा कुंपण अजून उभं होतं. आजही आपल्या गावाच्या कडेला पालं पडली, की आपण कोणत्या नजरेनं बघतो? ‘बळी’ वाचून हा प्रश्न सुटत नाही. तो टोचत राहतो, आणि टोचायलाच हवा.

तिसरी कादंबरी उद्धव शेळके यांची ‘धग’, साल १९६०. महाराष्ट्र राज्य झालं ते हेच वर्ष. विदर्भातल्या मैत्रिणींनो, ही तुमच्या बोलीतली. माणसं वऱ्हाडीत बोलतात, त्यामुळं घाटावरच्या वाचकाला पहिली दहा पानं जड जातील. मोठ्यानं वाचा, कान लवकर सरावतो.

यातली बाई कौतिक. नवरा महादेव शिंपी, पण धंदा बसत नाही आणि गड्याला नेट नाही. सगळा भार कौतिकवर. ती मजुरी करते, लेकरं वाढवते, मुलगा शिकावा म्हणून धडपडते. मग महादेवला महारोग होतो. कौतिक काही भाषण करत नाही. उद्याच्या भाकरीचं बघते. आपल्यातली कितीतरी घरं या पानांत सापडतील. आजीचं दुःख कुठं लिहिलंय, या प्रश्नाचं थोडं उत्तर आम्हाला इथं मिळालं.

‘धग’वरून आमच्या गटात चांगलाच वाद झाला. काहीजणी म्हणाल्या, कौतिकनं वेळीच वेगळं व्हायला हवं होतं. काही म्हणाल्या, वेगळं होऊन जाणार कुठं, माहेर किती दिवस ठेवून घेतं? एक म्हातारी मैत्रीण म्हणाली, ‘‘तिचं चुकलं का बरोबर, हे विचारायच्या आधी तिला कुणी हात दिला का, ते विचारा.’’ त्यावर सगळ्या गप्प झाल्या. आपल्या बचत गटांचं कामच तर ते आहे, हात देण्याचं. कौतिकच्या गावात गट असता तर काय झालं असतं, यावर आम्ही अजून बोलतोय.

चौथ्या कादंबरीकडं जाण्याआधी एका बाईची आठवण काढायलाच हवी. फलटणच्या बेबीताई कांबळे. त्यांचं छोटं दुकान होतं. सामान बांधायला आणलेल्या रद्दीच्या कागदावरचं त्या वाचायच्या. तिथंच बसून त्यांनी घरच्यांच्या नकळत, वह्या लपवून, ‘जिणं आमुचं’ लिहिलं. ही कादंबरी नव्हे, आत्मकथन आहे. १९८२ साली ते ‘स्त्री’ मासिकात येऊ लागलं आणि पुढं पुस्तक झालं. महारवाड्यातल्या बायांचं जिणं, भूक, बाळंतपणं आणि बाबासाहेबांच्या शब्दानं आलेली जाग, हे सगळं ते जगलेल्या बाईनं लिहिलंय. यमूची गोष्ट आपट्यांनी सांगितली, कौतिकची शेळक्यांनी. बेबीताईंनी आपली आपण सांगितली. सव्वाशे वर्षांत इथवर यायला किती जणींनी वह्या लपवल्या असतील, याचा विचार करा.

आता चौथी, कविता महाजन यांची ‘ब्र’, साल २००५. आपण म्हणतो ना, ‘तिनं ब्र काढला नाही’, तोच हा ब्र. १९९३ पासून ७३ व्या घटनादुरुस्तीनं पंचायतीत बायांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. २०११ मध्ये महाराष्ट्रानं त्या निम्म्या केल्या. कायदा झाला, बाई खुर्चीवर बसली. पण खुर्चीवर बसलेल्या बाईचं पुढं काय होतं? कादंबरीतली प्रफुल्ला संसारात सोसून बाहेर पडलेली आहे आणि एका संस्थेचं काम करते. त्या कामासाठी ती आदिवासी भागात फिरून महिला सरपंचांना भेटते. कुणाची नुसती सही घेतात, कुणाचा कारभार दुसराच चालवतो, आणि कुणी तोंड उघडलं की तिला खाली खेचायची तयारी सुरू होते. आपल्यापैकी ज्या सरपंच किंवा सदस्य आहेत, त्यांना हे नवीन नाही. पण आपलं रोजचं जगणं छापील पुस्तकात वाचताना बळ येतं, हा आमचा अनुभव आहे.

काशीबाईंची ‘पालखीचा गोंडा’ आठवते ना? कारभार बाईच्या हाती आला तर काय होईल, हे १९२८ मधलं स्वप्न. ‘ब्र’ म्हणजे तो कारभार खरोखर हाती आल्यावरची हकीकत. स्वप्नात न दिसलेली भांडणं त्यात आहेत आणि स्वप्नात न दिसलेल्या धीट बायाही आहेत.

आता वाचायचं कसं ते सांगतो. श्रावणात आपण पोथी लावतो. एकजण वाचते, बाकीच्या वाती वळत, शेंगा फोडत ऐकतात. तशीच कादंबरी लावा. ज्यांना अक्षरओळख नाही त्याही यात येतात, आणि आमच्या गटात खरे प्रश्न त्यांनीच विचारले. रोज दहा-बारा पानं पुष्कळ झाली. सुरुवात ‘धग’नं करा, मग ‘ब्र’, मग ‘बळी’. ‘पण लक्षात कोण घेतो!’ जाडजूड आहे, भाषा जुनी आहे, ती पावसाळ्याच्या झडीत लावा. ‘ब्र’मध्ये संसारातल्या अत्याचाराचं वर्णन आहे. ऐकताना एखादीला आपलंच काही आठवलं तर वाचन थांबवा, तिच्याजवळ बसा, पुस्तक कुठं पळून जात नाही.

पुस्तक मिळवायचं तर गावात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालय आहे का ते बघा. नसलं तर तालुक्याच्या ग्रंथालयात गटाच्या वतीनं एकीनं सभासद व्हायचं. हवं ते पुस्तक कपाटात नसेल तर ग्रंथपालांकडं त्याची मागणी नोंदवा. बायांनी मागितलंच नाही तर बायांची पुस्तकं येणार कशी?

आणि वाचून झाल्यावर पुस्तक कपाटात ठेवू नका. शेजारच्या वाडीतल्या गटाला द्या, आणि देताना सांगा, आम्हाला यात काय पटलं, काय पटलं नाही. लपवलेल्या वह्यांतून निघालेली गोष्ट आपल्या हातापर्यंत आलीय. ती पुढं नेणं आता आपल्याकडं आहे. तुमच्या गटानं काय वाचलं ते आम्हाला नक्की कळवा. आम्हीही नव्या पुस्तकाच्या शोधात आहोत.

बरं तर मैत्रिणींनो, येतो आम्ही.