घरपट्टी आणि बिनचौकशीची कैद

दारचा केर उचलण्याबद्दल द्यावयाची पट्टी आणि चौकशीवाचून माणसास कोंडून ठेवण्याचा सरकारी अधिकार, हे दोन विषय एकाच दप्तरात बांधावेत असे सहसा कोणास सुचणार नाही. परंतु आयर्लंडच्या इतिहासात ते एकमेकांत असे गुंतले आहेत की एकाची हकीकत सांगू लागले असता दुसऱ्याची आपोआप पुढे येते.

आयर्लंडची फाळणी झाल्यावर उत्तरेकडील सहा परगण्यांच्या सरकारने 1922 साली विशेषाधिकारांचा कायदा केला आणि त्यान्वये संशयितास खटल्यावाचून, गृहमंत्र्याच्या केवळ सहीने, स्थानबद्ध करण्याची मुभा स्वतःकडे घेतली. 9 ऑगस्ट 1971 रोजी, तिथले पंतप्रधान ब्रायन फॉकनर यांच्या अमदानीत, हा अधिकार मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. त्या दिवशी पहाटे लष्कराने घरोघर शिरून 342 माणसे पकडली. ती बहुतेक सर्व कॅथलिक वस्त्यांतील होती, आणि ज्या याद्यांवरून ती पकडली त्या इतक्या जुनाट होत्या की दोन दिवसांतच शंभरांहून अधिक लोकांना सोडून द्यावे लागले. ज्यांच्यावर आरोपच ठेवलेला नाही त्यांनी बचाव तरी कशाचा करावा? न्यायालयाचे दार असे बंद झाल्यावर लोकांनी आपल्या हाती उरलेले एकमेव साधन उचलले: नगरपालिकेच्या घरांत राहणाऱ्या हजारो कुटुंबांनी घरभाडे आणि घरपट्टी भरणे बंद केले. जी पट्टी रस्ता, दिवा आणि केराची गाडी यांसाठी द्यावयाची, तीच आता कैद्यांच्या वतीने केलेली फिर्याद ठरली.

सरकारचे उत्तर त्याच्या स्वभावास साजेसेच होते. थकबाकीदारांवर न्यायालयात दावे लावीत बसण्याऐवजी त्याने त्याच वर्षी एक तातडीचा कायदा करून थकलेली रक्कम गरिबांच्या सरकारी साहाय्यातून परस्पर कापून घेण्याची तजवीज केली. खटल्यावाचून कैद आणि खटल्यावाचून वसुली, अशी ही जोडी जमली. मुलांच्या भत्त्यासाठी टपालकचेरीत गेलेल्या आईच्या हाती कमी पैसे पडत, आणि तिची बाजू त्याआधी कोणी ऐकून घेतलेली नसे.

डब्लिनच्या सरकारने या स्थानबद्धतेच्या प्रकरणी ब्रिटनला मानवी हक्कांच्या युरोपीय व्यवस्थेपुढे खेचले, आणि ते उचितच झाले. मात्र शेजारच्या कैदखान्यांची चिंता वाहणाऱ्या या सरकारचे स्वतःचे दप्तरही कोरे नव्हते. 1957 साली त्यानेच जेरार्ड लॉलेस नामक तरुणास करा येथील लष्करी छावणीत पाच महिने खटल्यावाचून ठेवले होते. शॉन मॅकब्राइड यांनी परराष्ट्रमंत्री या नात्याने 1950 साली ज्या युरोपीय करारावर आयर्लंडची सही केली, त्याच कराराचा आधार घेऊन ते लॉलेसचे वकील म्हणून आयर्लंडविरुद्ध उभे राहिले. आणीबाणीची सबब युरोपीय न्यायालयाने 1961 साली मान्य केली, आणि लॉलेस हरला.

दक्षिणेत, म्हणजे डब्लिनच्या राज्यात, घरपट्टी 1978 साली रद्द झाली खरी, पण 1983 साली पाणी आणि केर यांच्यासाठी शुल्क आकारण्याची वाट स्थानिक संस्थांना मोकळी करून देण्यात आली. पाणीपट्टी लोकांनी प्रखर विरोध करून हाणून पाडली. केरपट्टी मात्र टिकली. 2003 च्या कायद्याने ती ठरविण्याचा अधिकार निवडून आलेल्या सभासदांकडून काढून नेमलेल्या व्यवस्थापकाकडे दिला आणि पैसे न भरणाऱ्याचा केर न उचलण्याची मुभाही दिली. तेव्हा डब्लिनच्या उपनगरांत रहिवासी केराच्या गाड्यांपुढे आडवे उभे राहिले, आणि न्यायालयाची मनाई मोडल्याबद्दल संसदसदस्य जो हिगिन्स आणि नगरसेविका क्लेअर डेली यांस महिनाभराची कैद झाली.

ही कैद आणि उत्तरेतील 1971 ची कैद एकाच तराजूत घालणे अन्यायाचे होईल. हिगिन्स न्यायाधीशासमोर उभे राहिले होते, त्यांच्यावरील आरोप उघड होता आणि शिक्षेस मुदत होती. 1971 च्या कैद्यास यांपैकी काहीच लाभले नाही. केर उचलावयाचा तर त्याचा खर्च कोणीतरी सोसला पाहिजे, हेही नाकबूल करता येत नाही. साम्य आहे ते निर्णय कोणी करावयाचा या प्रश्नात: जाब द्यावा लागतो अशा हातांतून तो काढून, जाब देण्याची गरज नाही अशा हाती सोपविला गेला. मराठी वाचकास ही रीत अपरिचित नाही. प्लेगच्या वेळच्या घरझडत्यांविषयी गाऱ्हाणे मांडणाऱ्या पुण्याच्या नातू बंधूंना 1897 साली 1827 च्या पंचविसाव्या रेग्युलेशनाखाली खटल्यावाचूनच अडकविले होते, आणि त्यांच्या मिळकतीवर जप्तीही आली होती.

उत्तर आयर्लंडमधील स्थानबद्धता डिसेंबर 1975 मध्ये संपली. तोवर 1,981 माणसे तिच्यातून गेली होती. पण तिच्या निषेधास दडपण्यासाठी केलेला वसुलीचा कायदा तिच्याबरोबर संपला नाही. राजकारणाशी संबंध नसलेल्या, निव्वळ दारिद्र्यामुळे थकलेल्या भाड्यासाठीही तो पुढे कित्येक वर्षे वापरला गेला. आणीबाणीसाठी म्हणून घेतलेला अधिकार आणीबाणीबरोबर परत केला जात नाही. म्हणून तो देतानाच, मग तो केराच्या पट्टीपुरता का असेना, नागरिकाने त्याची मुदत विचारून घ्यावी.