काट्यापासून लाल दिव्यापर्यंत

अमेरिकेत बेल लॅबोरेटरीज, सीबीएस आणि एनबीसी या संस्थांनी १९३९ साली मिळून प्रचारात आणलेल्या ‘व्हीयू मीटर’मुळे, म्हणजे आवाजाची सरासरी पातळी काट्याने दाखवणाऱ्या मापकामुळे, नभोवाणीच्या तंत्रज्ञांना एक समान माप मिळाले. काट्याला पूर्ण पातळी गाठण्यास सुमारे ३०० मिलिसेकंद लागत असल्याने क्षणिक उसळ्या त्यात नीट दिसत नसत. परंतु चुंबकीय फितीवर विकृती हळूहळू वाढत असल्याने ही उणीव बरीचशी खपून जाई. अंकीय मुद्रणात मात्र शून्य डेसिबलची कमाल मर्यादा ओलांडताच ध्वनिलहरीचे शिखर छाटले जाते. म्हणूनच ऑडिओ इंटरफेसच्या, म्हणजे माइक संगणकाला जोडणाऱ्या उपकरणाच्या, मिक्सर सॉफ्टवेअरमध्ये शिखरदर्शक पट्टीला लाल ‘क्लिप’ दिव्याची जोड मिळाली. तो लागल्यास मुद्रणापूर्वीच इनपुटचा गेन, म्हणजे प्रवर्धन, कमी करावे. छाटला गेलेला ध्वनी नंतर पूर्णपणे परत मिळत नाही.