रोहिणखेड ते साखरखेर्डा: घाटाखालून घाटावर

गाडी काढायची आणि आठवडाभर नुसते रस्त्याने फिरायचे, ही अमेरिकेतल्या लोकांची मोठी हौस. तिथला 'रूट ६६' हा महामार्ग १९२६ साली सुरू झाला, शिकागोपासून थेट कॅलिफोर्नियापर्यंत. पुढे नवे रुंद महामार्ग आले, वाहतूक तिकडे वळली आणि १९८५ मध्ये या रस्त्याचा क्रमांकही काढून घेण्यात आला. वाटेवरची कितीतरी गावे ओस पडली. पण लोकांनी त्या रस्त्याच्या गोष्टी सांगणे सोडले नाही. म्हणून आजही प्रवासी तो मुद्दाम शोधत जातात.

समृद्धी महामार्ग झाल्यापासून मला ही गोष्ट वारंवार आठवते. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा हा रस्ता आपल्या जिल्ह्यात मेहकर आणि सिंदखेड राजाजवळून जातो. सोय झाली, यात शंका नाही. पण त्या वेगात बुलढाणा जिल्हा कधी आला आणि कधी गेला, हे कळत नाही. म्हणून मी ओळखीच्यांना दुसरा रस्ता सुचवतो: मलकापूर, मोताळा, राजूर घाट, बुलढाणा, चिखली आणि साखरखेर्डा. सकाळी निघाले तर एका दिवसात होतो. पावसाळ्यात निघाले तर घाटातले ढग आणि हिरवे डोंगर पाहून पैसे वसूल.

या प्रदेशाची जुनी नावेच पाहा. घाटाखालचा तो पाईनघाट, वरचा तो बालाघाट. 'पाईन' म्हणजे खाली आणि 'बाला' म्हणजे वर, हे फारसी शब्द. 'घाट' आपला मराठी. भाषा शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला या नावांतच अर्धा इतिहास दिसतो.

मोताळा तालुक्यातले रोहिणखेड घाटाच्या पायथ्याशी आहे. उत्तरेकडून खानदेश-बऱ्हाणपूरची फौज दख्खनवर चढून आली की तिला घाट चढावाच लागे. त्यामुळे इथे दोन मोठ्या लढाया झाल्या. पहिली १४३७ ची. खानदेशचा नसीर खान फारुकी आणि बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमद हे नात्याने सासरा-जावई. सुलतानाने आपल्या मुलीची उपेक्षा केली, या रागाने सासऱ्याने वऱ्हाडावर चाल केली. बहमनी सरदार खलफ हसन याने त्याला रोहिणखेडला हरवले आणि बऱ्हाणपूरपर्यंत पाठलाग केला.

दुसरी लढाई १५९१ ची. अहमदनगरच्या गादीवर लहानगा इस्माईल निजामशहा होता आणि कारभार जमाल खान महदवीच्या हातात. इस्माईलचा बाप बुऱ्हाण, खानदेशच्या राजा अली खानाची मदत घेऊन, पोराच्या गादीवर हक्क सांगायला आला. जमाल खान रोहिणखेडला मारला गेला आणि बाप मुलाला हटवून सुलतान झाला. या लढाईच्या नऊ वर्षे आधी, १५८२ मध्ये, खुदावंद खान महदवीने बांधलेली दगडी मशीद गावात आहे.

रोहिणखेडहून राजूर घाट चढून बुलढाण्याला यायचे. इंग्रजांनी थंड हवेसाठी निवडलेले हे गाव. पुढे चिखलीकडे जाताना वाट वाकडी करून सैलानी बाबांच्या दर्ग्यावर जाता येते. जवळच्या गावाचे नाव पिंपळगाव सराई. पिंपळ इथला, 'सराई' म्हणजे मुसाफिरांच्या मुक्कामाची जागा. होळीच्या सुमारास इथे यात्रा भरते आणि सर्व धर्मांची माणसे येतात.

चिखलीहून साखरखेर्डा. ऑक्टोबर १७२४ मध्ये इथे निजाम-उल-मुल्क आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिझ खान यांची गाठ पडली. दोघेही मोगल बादशहा मुहंमद शाहचेच सरदार, पण बादशहाची आतून फूस मुबारिझ खानाला. तो इथे मारला गेला. निजामाने गावाला फतेहखेर्डा नाव दिले आणि इथूनच १९४८ पर्यंत टिकलेल्या हैदराबाद राज्याचा पाया पडला. या गावातही त्याच खुदावंद खानाची मशीद आहे. घाटाखाली एक, घाटावर एक.

आता तिन्ही लढायांचा हिशेब मांडा. सासरा विरुद्ध जावई, बाप विरुद्ध मुलगा, सरदार विरुद्ध सरदार. दोन्ही बाजूंचे धनी मुसलमान. भांडण गादीचे आणि महसुलाचे. आणखी पुढे सिंदखेड राजाला जा. जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव निजामशाहीतले मातब्बर सरदार होते आणि १६२९ मध्ये त्याच निजामशहाच्या दरबारात, दौलताबादला, त्यांचा खून झाला. इथेही कारण सत्तेचा संशय. प्रत्येक जुन्या तलवारीवर आजच्या धर्माचे लेबल चिकटवणाऱ्यांनी हा रस्ता एकदा तरी करावा.

आपल्या मुलांनीही करावा. 'आपला इतिहास कुठे आहे?' असे विचारले की वर्गातली मुले दिल्ली, आग्रा, हैदराबाद सांगतात. रोहिणखेडचे नाव कोणी घेत नाही. ज्याला आपल्या तालुक्यात स्वतःची खूण दिसत नाही, त्याला 'तू इथला नाहीस' असे कोणी म्हटले तर उत्तर सुचत नाही. उत्तर चार-साडेचारशे वर्षे याच मातीत उभे आहे. त्याच वेळी हेही कळावे की आपले पूर्वज म्हणून ज्यांची नावे घेतो, ते सुलतान काही फरिश्ते नव्हते. गादीसाठी बाप लेकाच्या अंगावर फौज घेऊन आला, हे लपवायचे कशाला?

येत्या सुट्टीत मुलांना गाडीत बसवा आणि घाटाने जा. दोन्ही मशिदींत दोन रकात नमाज पढा, भिंतीवर नावे कोरू देऊ नका. गावातल्या बुजुर्गांशी बोला आणि ते सांगतील ते मुलांना वहीत उतरवायला लावा. समृद्धीवरून परत यायला कोणाची ना नाही.