बादल्यांचे आकडे आणि धुलाईचं गणित

धरमतरच्या खाडीतून डोलवीच्या पोलाद कारखान्याकडे कोळशाच्या बार्ज जातात. देशात एवढा कोळसा असताना बाहेरून का आणायचा, असं अलिबागची मंडळी मला विचारतात, कारण माझी नोकरी धनबादकडे कोळशाच्या धुलाईत गेली. उत्तर राखेत आहे: पोलादाच्या भट्टीला कमी राखेचा कोळसा लागतो. आपल्या गोंडवानी कोळशात दगडमाती इतकी बारीक मिसळलेली असते, की नुसतं फोडून, निवडून ती सुटत नाही. म्हणून १९५१-५२ च्या सुमारास टाटांच्या वेस्ट बोकारो आणि जामाडोबा या वॉशऱ्या, म्हणजे कोळसा धुण्याचे कारखाने, उभ्या राहिल्या. १९५८ मध्ये कारगलीची वॉशरी आली. धुलाई म्हणजे ठरावीक घनतेच्या द्रवात हलका कोळसा तरंगवायचा आणि जड दगड बुडवायचा.

भाताचं बी मिठाच्या पाण्यात टाकून पोचट दाणे वर काढणाऱ्या आमच्या शेतकऱ्याला हे तत्त्व समजावायला नको. फरक इतकाच, की इथे तरंगतो तो चांगला माल.

प्रयोगशाळेत झिंक क्लोराइडच्या द्रावणाच्या बादल्या ओळीने मांडलेल्या असत. हायड्रोमीटर बुडवून घनता लावायची: १.३०, १.४०, अशी १.८० पर्यंत. जाळीच्या तळाची आतली बादली एकीतून उचलून, निथळून दुसरीत. तरंगलेलं झाऱ्याने काढायचं, धुवायचं, वाळवायचं, तोलायचं, मग जाळून राख मोजायची. संध्याकाळी बोटं चुरचुरत.

धुलाईचा कारखाना बादलीइतका काटेकोर नसतो. कोळसा आणि दगड वेगळे करायला ठरवलेल्या सीमेवरच्या घनतेचा तुकडा कधी वर जातो, कधी खाली. १९३७ मध्ये ट्रॉम्प या डच अभियंत्याने ही शक्यताच वक्ररेषेत मांडली. रेषा जितकी उभी, तितकं यंत्र चोख. या साऱ्या इतिहासातला खरा मोठा टप्पा मी हाच मानतो. १९७० च्या दशकात पिट्सबर्ग विद्यापीठात बायरन गॉटफ्रिड यांनी अशा रेषांना संगणकाला पेलेल असं सामान्य रूप दिलं. पुढे चाळण्या, क्रशर, सायक्लोन एकापुढे एक जोडणारे प्रोग्राम आले. बादल्यांचे आकडे भरले, की वीट रचण्याआधीच किती माल निघेल आणि त्यात राख किती, ते कळू लागलं.

झरियाच्या कोळशात मात्र सीमेच्या ०.१ अलीकडे-पलीकडेच ढीगभर माल. असा माल २५ टक्क्यांवर गेला, की धुलाईचा अवघडपणा मोजणाऱ्या बर्डच्या वर्गवारीत तो सर्वांत अवघड. त्यामुळे घनता किंचित हलली तरी उतारा बदलतो, आणि बादलीतली चूक संगणक बिनबोभाट पुढे नेतो. राख १७ टक्क्यांवर आणायची, तर धुतलेला कोळसा घटतो, मिडलिंग्ज, म्हणजे मधल्या प्रतीचा जास्त राखेचा माल, वाढतात; ती वीजकेंद्रांच्या भट्टीत जातात.