विनायक महादेव दांडेकर

विनायक महादेव दांडेकर (६ जुलै १९२० – ३० जुलै १९९५) हे भारतीय अर्थशास्त्रज्ञ व संख्याशास्त्रज्ञ होते. पुणे येथील गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेत त्यांनी दीर्घकाळ संशोधन व अध्यापन केले आणि १९६६ ते १९८० या काळात त्या संस्थेचे संचालकपद भूषविले. नीलकंठ रथ यांच्यासह १९७१ साली प्रसिद्ध केलेला भारतातील दारिद्र्यावरील अभ्यास, क्षेत्राधारित पीकविम्याची कल्पना आणि महाराष्ट्रातील प्रादेशिक अनुशेषाची पहिली पद्धतशीर मोजणी या तीन कामांसाठी ते विशेष ओळखले जातात. या तिन्ही कामांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. वंचित कोण आणि किती, हे कोणत्या मापाने मोजावे? दांडेकरांनी निवडलेली मापे पुढे शासकीय धोरणाचा भाग झाली. त्यामुळे त्या मापांचे सामर्थ्य आणि त्यांच्या मर्यादा या दोहोंचे परिणाम भोर-वेल्ह्यासारख्या डोंगरी तालुक्यांपर्यंत पोहोचले.

शिक्षण व संख्याशास्त्रातील कार्य

दांडेकरांचा मूळ विषय संख्याशास्त्र होता व त्याचे शिक्षण त्यांनी कलकत्ता येथे घेतले. तेथे प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या प्रेरणेने नमुना पाहणीचे शास्त्र आकार घेत होते. दोन ओळी व दोन स्तंभ असलेल्या तक्त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या काय-वर्ग कसोटीत दांडेकरांनी सुचविलेली दुरुस्ती संख्याशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत 'दांडेकर दुरुस्ती' या नावाने आढळते. १९५५ मध्ये 'संख्या' या नियतकालिकात त्यांनी द्विपद व प्वासाँ वितरणांची सुधारित रूपे मांडली. एका अपत्याच्या जन्मानंतर काही काळ दुसरे अपत्य संभवत नाही, ही बाब नेहमीच्या वितरणात धरली जात नाही. ती धरल्यास स्त्रियांच्या अपत्यसंख्येचे आकडे अधिक नेमकेपणाने समजतात, हा या लेखाचा उपयोग होता. पुढे अर्थशास्त्राकडे वळल्यानंतरही आकडा कसा गोळा झाला, याची चिकित्सा केल्याखेरीज त्यावरून निष्कर्ष काढायचा नाही, ही शिस्त त्यांच्या लेखनात कायम राहिली.

गोखले संस्थेतील पाहण्या

गोखले संस्थेची स्थापना १९३० साली झाली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी प्रत्यक्ष पाहणीवर आधारलेल्या अर्थशास्त्रीय संशोधनाची परंपरा निर्माण केली. वाई तालुक्यातील शेतीव्यवसाय आणि गोदावरी व प्रवरा कालव्यांचे आर्थिक परिणाम हे या परंपरेतील आरंभीचे अभ्यास होत. दांडेकर संस्थेत आल्यावर या परंपरेला संख्याशास्त्राची जोड मिळाली.

१९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीची पहिली फेरी सुरू झाली. तेव्हा गोखले संस्थेने आपल्या स्वतंत्र प्रश्नावलीद्वारे माहिती जमविली. या 'पूना शेड्यूल्स'वरील दांडेकरांचा अहवाल १९५३ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी पत्नी व लोकसंख्याशास्त्रज्ञ कुमुदिनी दांडेकर यांच्यासह केलेली पुणे जिल्ह्यातील जनन व मर्त्यतेची पाहणीही प्रकाशित झाली.

१९५५ साली गाडगीळ व दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणावर दोन पाहण्यांचे अहवाल प्रसिद्ध केले. शाळा सोडल्यानंतर काही वर्षांनी माणसाचे अक्षरज्ञान टिकते की तो पुन्हा निरक्षर होतो, हा एका पाहणीचा विषय होता. दुसरीचा विषय गळती व एकाच इयत्तेत अडकून राहणे हा होता. पटावरील संख्या म्हणजे शिक्षण नव्हे, हे आज सर्वमान्य झालेले तत्त्व या अहवालांच्या मांडणीत गृहीत धरलेले आहे. ग्रामीण शिक्षणाच्या इतिहासात या अहवालांचे महत्त्व मोठे असले, तरी दांडेकरांच्या इतर कामांच्या तुलनेत त्यांचा उल्लेख कमी होतो.

मराठीतील 'महाराष्ट्राची ग्रामीण समाजरचना' (१९५७) हा ग्रंथ त्यांनी म. भा. जगताप यांच्यासह लिहिला.

कूळकायद्याचा अभ्यास

मुंबई कूळकायदा १९४८ साली झाला. त्याची अंमलबजावणी प्रत्यक्षात कशी झाली, याची पाहणी दांडेकर व खुदानपूर यांनी केली आणि तिचा अहवाल १९५७ मध्ये प्रकाशित झाला. कायद्याने कुळांना संरक्षण दिले असतानाही अनेक कुळांनी जमीन 'राजीखुशीने' सोडल्याच्या नोंदी झाल्या होत्या. हे राजीनामे खरोखर राजीखुशीचे होते काय, असा प्रश्न या अहवालाने उपस्थित केला. कागदोपत्री बेकायदेशीर काही घडलेले नसतानाही कायद्याचा हेतू विफल होऊ शकतो, हे त्यातून दिसून आले. जमीनसुधारणांविषयीच्या पुढील चर्चेत हा अहवाल वारंवार उद्धृत झाला. १९६२ साली 'ऑक्सफर्ड इकॉनॉमिक पेपर्स'मध्ये दांडेकरांनी आर्थिक सिद्धांत व शेतीसुधारणा यांच्या संबंधावर लेख लिहिला.

गोवंशविषयक वाद

साठच्या दशकात दांडेकरांनी पशुधनाच्या अर्थकारणावर लिहिले. भारतातील गाईंची संख्या ही परिस्थितीशी जुळवून घेतलेली विवेकी व्यवस्था आहे, असे प्रतिपादन अमेरिकी मानवशास्त्रज्ञ मार्व्हिन हॅरिस यांनी केले होते. १९६९ मधील लेखांत दांडेकरांनी ते अमान्य केले. चाऱ्याच्या मानाने जनावरे अधिक आहेत आणि शेतकरी नको असलेल्या जनावरांची संख्या उपेक्षा व उपासमार यांद्वारे कमी करतो, असे त्यांचे म्हणणे होते.

'भारतातील दारिद्र्य' (१९७१)

दांडेकर व रथ यांचा अभ्यास 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'च्या २ व ९ जानेवारी १९७१ च्या अंकांत प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ग्रंथरूपाने निघाला. या अभ्यासाला फोर्ड फाउंडेशनचे साहाय्य होते. त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत 'गरिबी हटाव' ही घोषणा गाजत असल्याने अभ्यासाकडे देशाचे लक्ष वेधले गेले.

यापूर्वी १९६२ मध्ये एका तज्ज्ञगटाने १९६०–६१ च्या किमतींनुसार दरडोई दरमहा २० रुपये हा किमान खर्च सुचविला होता. दांडेकर व रथ यांनी निकष अन्नाशी जोडला. दररोज दरडोई २,२५० उष्मांक देणारा आहार ज्या खर्चस्तरावर मिळतो, तो स्तर त्यांनी उपभोगखर्चाच्या पाहण्यांतून शोधला. १९६०–६१ च्या किमतींनुसार हा स्तर ग्रामीण भागात दरमहा सुमारे १५ रुपये व शहरी भागात सुमारे २२.५ रुपये येतो. त्या वर्षी ग्रामीण लोकसंख्येपैकी सुमारे ४० टक्के व शहरी लोकसंख्येपैकी सुमारे ५० टक्के लोक या रेषेखाली होते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

दुसरा निष्कर्ष वाढीच्या वाटपाविषयी होता. साठच्या दशकात उपभोगात जी थोडी वाढ झाली, तिचा लाभ मुख्यतः वरच्या स्तरांना मिळाला. ग्रामीण भागातील तळच्या २० टक्के लोकांची स्थिती जवळजवळ होती तशीच राहिली आणि शहरांतील तळच्या २० टक्के लोकांची स्थिती खालावली. देशाची सरासरी वाढत असतानाही तळचा माणूस तेथेच राहू शकतो, हे यातून आकड्यांनी सिद्ध झाले.

उपाय म्हणून त्यांनी ग्रामीण भागात मोठ्या प्रमाणावर सार्वजनिक कामे काढून रोजगार देण्याचा आराखडा मांडला आणि त्यासाठीचा पैसा संपन्न वर्गाच्या उपभोगात कपात करून उभारावा, असे सुचविले. जमिनीच्या फेरवाटपाने हा प्रश्न सुटणार नाही, कारण सर्वांना पुरेल इतकी जमीन नाही, असे त्यांचे मत होते. या विचाराचे बीज दांडेकरांच्या १९५६ सालच्या लेखनात दिसते. अतिरिक्त धान्याचा उपयोग आर्थिक विकासासाठी कसा करता येईल, हा त्या लेखनाचा विषय होता.

सुखात्मे यांच्याशी मतभेद

संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे हे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेतून निवृत्त झाल्यावर पुण्यात राहत असत. सरासरी उष्मांकगरजेची रेषा आखून तिच्याखालील सर्वांना कुपोषित ठरविणे चूक आहे, असा त्यांचा आक्षेप होता. एकाच माणसाची गरज दिवसागणिक बदलते व शरीर कमी आहाराशी काही मर्यादेत जुळवून घेते, म्हणून रेषा बरीच खाली असावी, असे ते म्हणत. दांडेकरांचे उत्तर असे होते की, दारिद्र्याचे मापन व कुपोषणाचे मापन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि कमी आहार घेणारे लोक योगायोगाने नव्हे, तर सातत्याने कमी उत्पन्नाच्या गटातच आढळतात. १९८१ च्या सुमारास 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'तून झालेला हा वाद दारिद्र्यमापनाच्या साहित्यात महत्त्वाचा मानला जातो.

रोजगार हमी योजना

वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली महाराष्ट्राची रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात विस्तारली. तिला १९७७ च्या कायद्याने आधार मिळाला व तो कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. दांडेकर व माधव साठे यांनी या योजनेचे आणि 'कामासाठी धान्य' कार्यक्रमाचे मूल्यमापन १९८० मध्ये प्रसिद्ध केले. तथापि, केवळ अशा योजनांवर दांडेकरांनी भिस्त ठेवली नाही. शेतीवरील अतिरिक्त मनुष्यबळ बिगरशेती व्यवसायांत गेल्याखेरीज ग्रामीण दारिद्र्य हटणार नाही, असा विचार त्यांनी १९८६ मधील लेखात मांडला.

पीकविमा

प्रत्येक शेतकऱ्याच्या नुकसानीची वेगवेगळी पाहणी करणे खर्चिक असते व त्यात लबाडीला वाव राहतो. म्हणून १९७६ मध्ये दांडेकरांनी क्षेत्राधारित पद्धत सुचविली. एकजिनसी क्षेत्रातील पिकाचे सरासरी उत्पादन ठरावीक पातळीच्या खाली गेले, तर त्या क्षेत्रातील सर्व विमाधारकांना सारख्या दराने भरपाई मिळावी, असे तिचे सूत्र होते. १९७९ मधील प्रायोगिक योजना व १९८५ मधील सर्वंकष पीकविमा योजना याच तत्त्वावर आधारलेल्या होत्या. २०१६ च्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेतही प्रमुख पिकांसाठी क्षेत्र हाच आधार राहिला, मात्र विमाक्षेत्र लहान करण्यात आले.

प्रादेशिक अनुशेष: दांडेकर समिती

महाराष्ट्रातील विकासाचा असमतोल मोजण्यासाठी राज्य शासनाने १९८३ मध्ये दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला. पाटबंधारे, रस्ते, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा आदी नऊ क्षेत्रांत जिल्हा हे एकक धरून राज्याच्या सरासरीपेक्षा प्रत्येक जिल्हा किती मागे आहे आणि ती तूट भरून काढण्यास किती खर्च येईल, हे तिने काढले. राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये निघाला. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के, मराठवाड्याचा सुमारे २४ टक्के व उर्वरित महाराष्ट्राचा सुमारे ३७ टक्के होता. 'अनुशेष' हा शब्द राज्याच्या राजकारणात रूढ होण्यास हा अहवाल कारणीभूत झाला. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली आणि पुढे नेमलेल्या निर्देशांक व अनुशेष समितीने ही मोजणी नव्याने केली.

भोर व वेल्हे तालुक्यांच्या संदर्भात

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस सह्याद्रीच्या कुशीत असलेल्या भोर व वेल्हे (आता राजगड) या तालुक्यांचा बराच भाग पूर्वी भोर संस्थानात होता. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि त्याच वर्षी कूळकायदाही आला. त्यामुळे येथील कुळांच्या दृष्टीने राजवट बदलणे व जमिनीचा कायदा बदलणे या घटना जवळजवळ एकाच वेळी घडल्या. दांडेकर व खुदानपूर यांच्या अहवालातील 'राजीखुशी'चा प्रश्न अशा प्रदेशात केवळ शास्त्रीय राहत नाही.

जिल्हा हे एकक धरण्याची मर्यादाही येथे स्पष्ट दिसते. २०११ च्या जनगणनेनुसार पुणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ९४ लाख, भोर तालुक्याची सुमारे १ लाख ८६ हजार व वेल्हे तालुक्याची सुमारे ५४ हजार होती. वेल्ह्याचा जिल्ह्यातील वाटा दर हजारी सहाहूनही कमी भरतो. पुणे शहर व पिंपरी-चिंचवड यांनी घडविलेल्या सरासरीत एवढ्या लहान तालुक्याची उणीव उमटत नाही. भोरमधील भाटघर धरणाचे पाणी नीरा कालव्यांद्वारे पूर्वेकडील तालुक्यांना मिळते आणि वेल्ह्यातील पानशेतचे पाणी पुणे शहराकडे जाते. त्यातून होणारे सिंचन जिल्ह्याच्या खात्यात जमा होते, परंतु ज्या खोऱ्यांत हे पाणी अडविले गेले, तेथील भात-नाचणीची शेती मुख्यतः पावसावरच राहिली. कामासाठी मुंबई-पुण्यास जाण्याची येथील रीत जुनी आहे.

पीकविम्यातही हीच अडचण येते. घाटमाथ्यावर पावसाचे प्रमाण प्रचंड असते आणि पूर्वेकडे थोड्याच अंतरात ते झपाट्याने घटते. तेथे क्षेत्र मोठे धरले, तर एका गावाचे नुकसान दुसऱ्या गावाच्या पिकात झाकले जाते. दांडेकरांच्या मूळ सूत्रात क्षेत्र 'एकजिनसी' असावे ही अट होती. डोंगरी भागात ती अट पाळणे हीच खरी कसोटी ठरते.

विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१३ च्या अहवालात तालुका हे एकक मानण्यावर भर दिला. हा बदल दांडेकरांच्या पद्धतीचा त्याग नसून तिचेच पुढचे पाऊल आहे, असे मानता येते. देशाच्या सरासरीखाली दडलेला तळचा पाचवा हिस्सा १९७१ मध्ये ज्या रीतीने दाखविला गेला, त्याच रीतीने जिल्ह्याच्या सरासरीखाली दडलेला तालुका दाखविता येतो.

इंडियन स्कूल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी व उत्तरकालीन लेखन

दांडेकरांनी १९७० मध्ये इंडियन स्कूल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी ही संस्था स्थापन केली. गोखले संस्थेतून बाहेर पडल्यावर त्यांचे कार्य मुख्यतः तेथून चालले. या संस्थेचे नियतकालिक १९८९ पासून निघू लागले. आयुष्याच्या अखेरच्या काळात त्यांनी स्वातंत्र्योत्तर भारतीय अर्थव्यवस्थेचा खंडशः आढावा हाती घेतला. त्यातील शेतीवरील पहिला खंड १९९४ मध्ये निघाला. लोकसंख्या, दारिद्र्य व रोजगार यांवरील दुसरा खंड त्यांच्या निधनानंतर १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला.