एएमजीतला 'जी'

मर्सिडीजच्या काही गाड्यांवर एएमजी लिहिलेलं असतं. 'ए' आउफ्रेख्टचा, 'एम' मेल्शरचा आणि 'जी' आउफ्रेख्टच्या जन्मगावाचा, ग्रोसआस्पाखचा. डेमलर-बेंझच्या या दोन इंजिनिअरांनी १९६७ साली जुन्या गिरणीत स्वतःचं काम थाटलं. १९७१ मध्ये त्यांनी ताकद वाढवलेली अवजड मर्सिडीज बेल्जियममधल्या २४ तासांच्या शर्यतीत दुसरी आली. २००५ मध्ये मूळ कंपनीनंच एएमजी पूर्ण विकत घेतली. २०२० पासून पुण्याजवळ चाकणलाही एएमजी जोडली जाते.

वाशीमच्या गॅरेजांत शाळा सोडलेली आपली पोरं नुसत्या आवाजावरून इंजिनाचा बिघाड ओळखतात. त्यांच्या अम्मी-अब्बांना मी एवढंच सांगतो: हुनर आहेच, आयटीआयही करू द्या. गिरणीत पोचण्याआधी ते दोघं इंजिनाचं शास्त्र शिकले होते.